बोत्तिचेल्लीच्या शाईतले रान : दान्तेच्या तेराव्या सर्गातील झाडे नुसती झाडेच का आहेत?

अर्धविराम (प्रश्न)

दान्तेच्या ‘दिविना कोम्मेदिआ’साठी (‘इन्फेर्नो’ म्हणजे नरक, ‘पुर्गातोरिओ’ म्हणजे प्रायश्चित्ताचा पर्वत आणि ‘पारादीसो’ म्हणजे स्वर्ग, असे तिचे तीन भाग) चित्रकार सान्द्रो बोत्तिचेल्लीने चर्मपत्रावर केलेली रेखाचित्रे मी गेले काही आठवडे पाहतो आहे. त्यांतील ‘इन्फेर्नो’च्या तेराव्या सर्गाचे चित्र मनातून जात नाही. मूळ चित्र व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. मी अर्थातच छापील प्रतिकृती पाहिली आहे. ज्यांनी तो सर्ग वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नरकाच्या सातव्या वर्तुळातील दुसऱ्या कड्यात एक वाट नसलेले रान आहे आणि ज्यांनी आपला जीव आपल्याच हाताने संपवला त्यांचे आत्मे तिथे काटेरी झाडे होऊन उभे आहेत. सगळीकडून विव्हळण्याचे आवाज येतात, पण माणूस एकही दिसत नाही. वाटाड्या झालेल्या रोमन कवी व्हर्जिलच्या सांगण्यावरून दान्ते एका झुडपाची डहाळी मोडतो, आणि मोडलेल्या जागेतून रक्त आणि शब्द बरोबरच बाहेर पडतात.

माझी अडचण अशी आहे की बोत्तिचेल्लीच्या चित्रात ही झाडे निव्वळ झाडेच आहेत. विल्यम ब्लेकने 1824 ते 1827 या काळात याच रानाचे जलरंगातील चित्र केले, तेव्हा खोडांत माणसांचे देह स्पष्ट गुंफले. ग्युस्ताव्ह दोरेच्या 1861 सालच्या चित्रांतही फांद्या हातांसारख्या पिळवटलेल्या आहेत आणि बुंध्यांत धड ओळखू येते. मानवी देह रेखाटण्यात ज्याचा हात धरणारे फार थोडे होते, त्या बोत्तिचेल्लीने मात्र इथे देह टाळला आहे. हार्पी (बाईच्या तोंडाचे पक्षी) आहेत, धावणारे नग्न पुरुष आहेत, त्यांच्यामागे लागलेल्या कुत्र्या आहेत, दान्ते आणि व्हर्जिल तर एकाहून अधिक वेळा आहेत. परंतु ज्यांच्याविषयी हा सर्ग आहे ते आत्मे चेहऱ्याविना उभे आहेत. मग या चित्रात झाडाला प्रतीक म्हणावे, की ते केवळ प्रसंगाची पार्श्वभूमी आहे? आणि बोत्तिचेल्लीच्या इतर पानांवरील झाडांशी या झाडांचे काही नाते लागते का?

बोरू

मी स्वतः शाईने चित्रे काढतो, तेव्हा आधी हाताच्या अंगाने उत्तर देतो.

ही रेखाचित्रे साधारण 1480 ते 1495 या काळातली मानली जातात. लोरेन्झो दि पिएरफ्रान्चेस्को दे मेदिची याच्यासाठी हा ग्रंथ तयार होत होता, असे जुन्या फ्लोरेन्टाईन नोंदीवरून समजले जाते. आज 92 पाने उरली आहेत, त्यांपैकी 85 बर्लिनमध्ये आणि 7 व्हॅटिकनमध्ये आहेत. प्रत्येक पान सुमारे 32 सेंटीमीटर उंच आणि 47 सेंटीमीटर रुंद आहे. बोत्तिचेल्लीने आधी धातूच्या टोकदार शलाकेने आकृती बसवली आणि नंतर त्याच रेषांवरून पिसाच्या लेखणीने शाई फिरवली. रंग मोजक्याच पानांवर भरले गेले. बाकीची पाने रेषेतच राहिली आणि काही तर शलाकेच्या पुसट खुणांवरच थांबली.

याचा तुमच्या प्रश्नाशी काय संबंध, ते सांगतो. दान्ते या रानाचे वर्णन तीन नकारांनी करतो : पाने हिरवी नाहीत, काळपट आहेत, फांद्या सरळ नाहीत, गाठाळ आणि गुंतलेल्या आहेत, फळे नाहीत, विषारी काटे आहेत. यातला पहिला नकार रंगाचा आहे आणि तो एकरंगी शाईला सांगताच येत नाही, कारण शाईत हिरवे पानही काळे आणि काळे पानही काळेच. म्हणून चित्रकाराच्या हातात उरते ती गाठ, वळण आणि गर्दी. शाईचे झाड काढताना बुंध्यापासून शेंड्याकडे एका दमात लेखणी नेली तर झाड वाढते आहे असे वाटते. तीच लेखणी मध्येच थांबवली, किंचित मागे घेतली आणि दिशा बदलून पुढे नेली, तर तिथे गाठ होते आणि झाड दुखावलेले दिसते. चेहरा काढण्याची गरज अशा वेळी खरोखरच पडत नाही.

शिवाय माझ्या मते ब्लेक आणि दोरे यांनी वाचकाचे काम स्वतःच करून टाकले आहे. बुंध्यात देह दिसला की डहाळी मोडण्याआधीच भेद फुटतो. कवितेत दान्तेला मोडेपर्यंत काहीच ठाऊक नसते. लोक झाडांमागे लपले असावेत असे मला वाटते आहे, असा समज व्हर्जिलने करून घेतला असावा, असा त्याला संशय असतो. (मूळ ओळीत ‘वाटणे’ या क्रियापदाचे तीन फेरे आहेत आणि ती ओळही त्या फांद्यांसारखीच गुंतलेली आहे.) बोत्तिचेल्लीचे रान पाहणारा प्रेक्षक नेमका दान्तेच्याच अज्ञानात उभा राहतो, आणि हे अज्ञान चित्रात टिकवणे मला देह रेखाटण्यापेक्षा अवघड वाटते.

वाचनवेडी

बोरू यांचे पहिले म्हणणे पटते. दुसऱ्याबद्दल थोडी शंका आहे, कारण बोत्तिचेल्लीचा प्रेक्षक अज्ञानी नव्हता. हा ग्रंथ अशा रीतीने बांधायचा होता की उघडल्यावर वरच्या बाजूला चित्र आणि खालच्या बाजूला त्याच सर्गाचा संपूर्ण मजकूर स्तंभांत मांडलेला असावा. म्हणजे डोळा वर गेला तर रान आणि खाली आला तर पिएर देल्ला विन्याचे, म्हणजे डहाळी मोडलेल्या त्या झुडपातल्या आत्म्याचे, बोलणे. चित्राने आवाज दाखवण्याची आवश्यकता नव्हती. आवाज त्याच्या खालीच लिहिलेला होता. झाड झाडच राहिले याचे मला हे अधिक साधे कारण वाटते.

आता प्रतीकाविषयी. या रानामागे व्हर्जिलच्या ‘एनेइड’चा तिसरा खंड आहे. तिथे एनिअस वेदी झाकण्यासाठी झुडपे उपटू लागतो, तेव्हा मुळांतून काळे रक्त ठिबकते आणि जमिनीखालून पोलिडोरसचा आवाज येतो. हार्पीही त्याच खंडात येतात. दान्तेने दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आणल्या, पण एक मोठा बदल करून. पोलिडोरस हा मारला गेलेला माणूस आहे. त्याच्या देहात घुसलेल्या भाल्यांना पालवी फुटली आहे आणि तो स्वतः त्याखाली गाडलेला आहे. दान्तेच्या रानात झाडाखाली कोणीही नाही, कारण झाड हाच तो माणूस आहे.

असे का, याचे उत्तर त्या काळच्या तत्त्वज्ञानात मिळते. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या आणि थॉमस अक्विनासने मांडलेल्या विचारानुसार जीवाच्या तीन पायऱ्या आहेत : वनस्पतीची वाढ, प्राण्याची संवेदना आणि माणसाची बुद्धी. ज्याने मानवी देह नाकारला त्याला दान्ते सर्वांत खालच्या पायरीवर रुजवतो, पण संवेदना आणि वाणी मात्र काढून घेत नाही. रुजवण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. नरकाचा न्यायाधीश मिनोस आत्म्याला खाली फेकतो, तो रानात पडेल तिथे पडतो, जागा निवडण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि गव्हाच्या जातीच्या एखाद्या दाण्यासारखा तो उगवतो. मग हार्पी त्याची पाने खातात. दान्ते म्हणतो त्याप्रमाणे त्या वेदना देतात आणि त्याच वेळी वेदनेला खिडकीही करून देतात. जखम झाल्याखेरीज या आत्म्यांना बोलताच येत नाही, हे या शिक्षेतले सर्वांत भयंकर कलम आहे असे मला वाटते.

आणि पिएरचे आडनावच ‘विन्या’ म्हणजे द्राक्षमळा आहे. सम्राट फ्रेडरिक दुसरा याचा हा विश्वासू मंत्री, उत्तम गद्यलेखक आणि कवी. फितुरीच्या आरोपावरून तो कैदेत पडला, त्याचे डोळे काढले गेले आणि 1249 साली त्याचा शेवट झाला. द्राक्षमळ्याच्या नावाचा माणूस नरकात फळ नसलेले काटेरी झुडूप होतो, हा श्लेष दान्तेला सुचला नसेल असे मानणे कठीण आहे. तो आपल्या निष्ठेची शपथ घेतो ती देखील ‘या झाडाच्या नव्या मुळांची’. काव्यातला प्रवास 1300 सालचा आहे, म्हणजे मुळे अवघी 51 वर्षांची झाली. अनंतकाळ उभे राहायचे असलेल्या झाडाच्या हिशेबाने ती नवीच म्हणायची. दान्तेचा स्वर इथे न्यायाधीशाचा राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. कणव दाटून आल्याने त्याला पुढचा प्रश्न विचारवत नाही आणि तो व्हर्जिललाच बोलायला सांगतो.

पिंपळपान

चर्चा वाचताना एक गोष्ट मनात आली. ‘पुर्गातोरिओ’च्या बाविसाव्या सर्गात एक उलटे झाड आहे आणि ते वाचताना आपल्यापैकी कोणालाही गीतेच्या पंधराव्या अध्यायातील ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’ अश्वत्थ आठवल्यावाचून राहणार नाही. खादाडपणाचे प्रायश्चित्त घेणारे आत्मे त्या झाडापाशी येतात आणि त्यांना फळ मिळत नाही. संसाराच्या मोहाचेच हे रूप नव्हे का? अर्धविराम यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित इथे सापडेल.

वाचनवेडी

पिंपळपान, साम्य मोहक आहे, पण मूळ ओळी पाहिल्या तर ते फार टिकत नाही. दान्ते मुळे वर असल्याचे म्हणत नाही. फर वृक्ष जसा वर वर निमुळता होत जातो तसे हे झाड खाली खाली निमुळते होत जाते, एवढेच तो सांगतो आणि कारणही देतो : कोणी वर चढू नये म्हणून. म्हणजे झाड उलटे आहे ते आकाराने. शिवाय गीतेतला अश्वत्थ असंगाच्या शस्त्राने तोडायचा आहे, तर दान्तेच्या झाडाला हात लावण्याचीच मनाई आहे. चोविसाव्या सर्गात अशाच दुसऱ्या झाडाखाली आत्मे हात वर करून उभे राहतात, एखाद्याने वस्तू उंच धरावी आणि लहान मुलांनी ती मागत राहावे तसे. आणि पानांतून आवाज येतो की इव्हने ज्याचे फळ खाल्ले ते झाड याहून वर आहे आणि हे त्याचेच रोप आहे.

अश्वत्थाच्या जवळ जाणारे झाड हवे असेल तर ते ‘पारादीसो’च्या अठराव्या सर्गात आहे : शेंड्यापासून जगणारे, सदैव फळणारे आणि पान कधीही न गाळणारे झाड, अशी स्वर्गाची कल्पना तिथे केलेली आहे. त्याचे पोषण वरून होते. मात्र तिथेही ते मोहाचे झाड नाही, उलट आनंदाचे आहे.

बोरू

वाचनवेडी यांनी माझ्या ‘अज्ञाना’ची काढलेली खोड मान्य. मजकूर खाली होता, हे मी विसरलो होतो.

परंतु त्यांच्याच उत्तरातून मला एक धागा सापडला आहे. झाडाच्या आकारात प्रतीक शोधत राहिलो तर प्रत्येक पानावर वेगळे उत्तर मिळते आणि काहीच जुळत नाही. त्याऐवजी झाडाला हात लावल्यावर काय होते हे पाहिले, तर सगळी झाडे एका ओळीत येतात. तेराव्या सर्गात डहाळी मोडली की रक्त येते आणि झाड विचारते, ‘मला का मोडतोस?’ त्यानंतर ‘पुर्गातोरिओ’च्या पहिल्या सर्गात व्हर्जिल दान्तेच्या कमरेला बांधण्यासाठी किनाऱ्यावरचा लव्हाळा उपटतो, आणि उपटला त्याच जागी तसाच लव्हाळा ताबडतोब पुन्हा उगवतो. तिथे पालवी धरणारे किंवा कठीण होणारे दुसरे कोणतेही झाड टिकत नाही, कारण ते लाटांच्या माऱ्यापुढे वाकत नाही. मग प्रायश्चित्ताच्या पर्वताच्या माथ्यावर ज्ञानवृक्ष आहे, आणि तेहेतिसाव्या सर्गात बिआत्रिचे (दान्तेची प्रिया आणि पुढची वाटाडी) बजावते की जो कोणी तो लुटेल किंवा मोडेल तो ईश्वराचा अपराधी ठरेल. ‘मोडणे’ यासाठी तिने वापरलेले ‘स्कियान्तारे’ हे क्रियापद आणि पिएरच्या किंकाळीतले क्रियापद एकच आहे.

म्हणजे एक झाड मोडल्यावर रक्ताळते, एक उपटल्यावर पुन्हा उगवते आणि एक मोडायचेच नसते. बोत्तिचेल्लीने झाडाला चेहरा न देता झाडच ठेवले, म्हणूनच ही तुलना पानागणिक करता येते. तेराव्या सर्गातल्या खोडांना माणसांचे देह दिले असते तर ते रान इतर रानांपासून तुटून पडले असते.

रानांचीही तीच गत. ‘इन्फेर्नो’च्या पहिल्या चित्रातले अंधारे रान, ज्यात दान्ते वाट चुकतो, आणि ‘पुर्गातोरिओ’च्या अठ्ठाविसाव्या सर्गातले दाट, जिवंत, देवाचे रान, ज्यात तो स्वेच्छेने हळूहळू चालत शिरतो, ही दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात लेखणी खोडावरून अडखळत नाही. तिथल्या पानांच्या सळसळीला दान्तेने राव्हेन्नाजवळच्या किआस्सीच्या पाइनवनात आग्नेयेचा वारा सुटल्यावर होणाऱ्या आवाजाची उपमा दिली आहे. आणि तेराव्या सर्गातले रान त्याने चेचिना व कोर्नेतो यांच्यामधल्या रानटी झुडपांशी ताडून पाहिले होते. दोन्ही उपमा इटलीच्या भूमीवरच्या आहेत आणि बहुधा त्याच्या पायांखालून गेलेल्या आहेत.

अर्धविराम

सर्वांचे आभार. ‘मोडणे’ या धाग्याने मी ‘पुर्गातोरिओ’च्या बत्तिसाव्या सर्गाचे चित्र पुन्हा पाहिले. मिरवणूक उघड्याबोडक्या ज्ञानवृक्षापाशी येते, ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) रथाचा दांडा त्याला बांधतो आणि झाडाला गुलाबाहून फिका व व्हायोलेटहून गडद असा बहर येतो. पुढे गरुड झेपावतो आणि साल व फुले ओरबाडून टाकतो. बोत्तिचेल्लीने घटना एकापुढे एक न ठेवता एकाच पानावर रचल्या आहेत, त्यामुळे कोणत्या क्षणाचे झाड पाहतो आहोत हे ठरवावे लागते. बोरू म्हणाले तसा इथेही बहराचा रंग शाईला दाखवता येत नाहीच.

एक लहानशी शंका मात्र उरते. ‘पारादीसो’च्या चित्रांत झाडे जवळजवळ नाहीतच. वाचनवेडी यांनी सांगितलेला शेंड्यापासून जगणारा वृक्ष बोत्तिचेल्लीने का काढला नसावा?

वाचनवेडी

कारण तो वृक्ष कवितेत दिसत नाही, फक्त बोलण्यात येतो. मंगळाच्या स्वर्गात दान्तेला दिसतात ते क्रूसाच्या आकारात फिरणारे प्रकाश. वृक्ष ही त्याचा पूर्वज काच्चाग्विदा याने स्वर्गाच्या पायऱ्यांसाठी वापरलेली उपमा आहे. बोत्तिचेल्ली सहसा दिसणारी घटना रेखाटतो, उपमा रेखाटत नाही. ‘पारादीसो’च्या पहिल्या चित्रात पृथ्वीवरच्या नंदनवनाची सडपातळ झाडे खाली आहेत आणि दान्ते व बिआत्रिचे त्यांच्यावरून उचलले जात आहेत. त्यानंतर बहुतेक पानांवर वर्तुळ, ज्योती आणि ते दोघे, एवढेच उरते. मला स्वतःला ही पाने आधी रिकामी वाटत असत. ती सलग उलटली तेव्हा कळले की झाडे मागे पडली आहेत हे त्या रिकामेपणातूनच जाणवते.

बोरू

एक पुरवणी जोडतो. तेराव्या सर्गाच्या अखेरीस एक निनावी फ्लोरेन्टाईन आत्मा आहे, ज्याने आपल्याच घराचा फासाचा खांब केला. तो मोठे झाड नाही, लहान झुडूप आहे. याकोपो दा सान्त’आन्द्रेआ हा उधळ्या माणूस कुत्र्यांपासून वाचण्यासाठी त्याच्या आडोशाला बसतो, आणि कुत्र्या दोघांनाही फाडतात. झुडूप विनवते की माझी तुटलेली पाने गोळा करून माझ्या बुंध्याशी ठेवा. सर्ग तिथेच संपतो आणि ती विनंती पुरी होते चौदाव्या सर्गाच्या पहिल्याच ओळींत : जन्मगावच्या मायेने दान्ते विखुरलेली पाने वेचतो आणि त्याला परत देतो. एवढ्या मोडतोडीनंतर झाडासाठी कोणीतरी वाकते ते या एकाच ठिकाणी. बोत्तिचेल्लीच्या चौदाव्या सर्गाचे पान उरलेले नाही.